द्रुपदाकाकीची मीना

द्रुपदाकाकीच्या घरात ती एकटीच राहते, असं मला खोली दाखवणाऱ्यांनी सांगितलं होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता मुलगा नितीन मालवाहू बोटीवर इंजिनियर, कधीमधी घरी येणारा. मी मूळची साताऱ्याकडची. कुणकेश्वरच्या अलीकडच्या एका गावात हायस्कूलला इंग्रजी शिकवायची नोकरी लागली आणि काकीने मागची खोली मला भाड्याने दिली. पहिल्याच रविवारी जेवून जरा आडवी झाले, तर भिंतीपलीकडून तिचा आवाज आला.

"गो मीना! खंय चल्लंस? थयसर तो मेलो उभो आसा, दिसना नाय तुका?"

मीनाचं उत्तर काही ऐकू आलं नाही.

"घे! खाल्लंस मां मार? आता तरी औषध घे गो बाय माझ्या!"

मार खाणारी ही मुलगी कोण, म्हणून मी धावतच पुढच्या खोलीत गेले. काकी प्लॅस्टिकच्या खुर्चीत पदर खोचून बसली होती. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात व्हिडिओ गेमचं रिमोट, आणि समोर टीव्हीवर एक जपानी मुलगी भाला घेऊन घराएवढ्या खेकड्यापुढे उभी. माझ्याकडे न बघताच काकी म्हणाली, "बाई, तुका इंग्लिश येता मां? बस हयसर. ही काय म्हणता ता माका सांग."

मी बसले. त्या गावात होते तोवर शनिवार-रविवारच्या दुपारी मी तिथेच बसलेली असायची.

ते यंत्र नितीनने जपानच्या कुठल्याशा बंदरातून आणलं होतं. सुट्टीभर तो खेळला आणि परत जाताना आईला सांगून गेला, "आठवड्यातनं एकदा चालू करून ठेव गो. बंद रवला तर खारी हवा आतला सगळा खावन टाकीत." काकीने ते देवघरातल्या दिव्याइतकं मनावर घेतलं. आंघोळ करून, यंत्रावरची धूळ मऊ फडक्याने पुसून ती ते चालू करायची आणि समोर बसून राहायची. नुसतं चालू करून बघत काय बसायचं, म्हणून तिने एक दिवस एक बटण दाबलं. पडद्यावरची मुलगी उडी मारून वळली आणि थेट काकीकडे बघून हसली. झालं. काकी म्हणायची, "इतक्या वर्सांत ह्या घरात माझ्याकडे बघून कोण असा हसूक नव्हता."

त्या मुलीचं नाव मिनाहो. काकीच्या तोंडात त्याची मीना झाली. खेळाचे तीन भाग होते आणि त्या तीन भागांत मिळून मीनाचं अख्खं आयुष्य होतं. ती जन्मली मोती काढणाऱ्या बायकांच्या एका बेटावर. तिची आई एक दिवस अशीच बुडी मारायला गेली ती वर आलीच नाही. मीनाला वाढवलं आजोबाने. तो बेटावरचं दीपगृह सांभाळायचा. पहिल्या भागाच्या सुरुवातीला किनाऱ्यावर एक निळ्या केसांचा तरुण वाहत येतो. तो या गोष्टीचा नायक. जगावर आलेलं कसलं तरी संकट निवारायला तो निघतो आणि मीना त्याच्या मागून औषधांची पेटी घेऊन निघते. तो लढणार, त्याला लागणार, आणि ही मागे उभी राहून मलम लावणार. मधूनमधून तिला कुणीतरी पळवून न्यायचं आणि त्याने सोडवून आणायचं, एवढंच तिचं काम.

हे काकीला अजिबात पटलं नाही.

"सगळी हत्यारां ह्या रंगवलेल्याक, आणि माझ्या चेडवाच्या हातात पेटी? ता काय नर्स म्हणान इला?"

'चेडू' म्हणजे मुलगी आणि 'रंगवलेलो' म्हणजे तो निळ्या केसांचा नायक. काकीने त्याच्या अंगावरचं चिलखत काढून मीनाला घातलं, चांगला भाला मीनाला दिला आणि त्याच्या हातात एक काठी ठेवली. परिणामी प्रत्येक लढाईत रंगवलेलो पहिल्या फटक्याला आडवा व्हायचा. मग मीना राक्षस मारायची आणि मागाहून त्याला मलम लावून उठवायची. "उठ रे बाबा, उठ," काकी म्हणायची, "झाला सगळा. चल आता."

तिचा खेळ फार हळू पुढे सरकायचा. त्या खेळात गावोगावी धर्मशाळा होत्या. दमलं तर तिथे जाऊन झोपायचं अशी सोय. काकी मीनाला प्रत्येक लढाईनंतर तिथे न्यायची, मग तिला खरचटलेलंही नसो. "जेवल्याबिगर चेडू लढतला कसा?" वाटेत दोन डोंगर आणि एक दलदल असली तरी मागे फिरून जेवायला. दशावतार बघत मोठी झालेली बाई ती. राक्षसाच्या एन्ट्रीला मृदंग वाजला नाही की तिचा हिरमोड व्हायचा. आणि माझ्या भाषांतरावर तर तिचा काडीचा विश्वास नव्हता. मीना पडद्यावर बराच वेळ जपानीत बोलायची, खाली इंग्रजीत एकच ओळ यायची, ती मी सांगायची. "इतक्या बोलली ती, आणि तुझा एवढाच?" काकी माझ्याकडे संशयाने बघायची. "मधला खंय गेला?"

जिवंत माणसांशीही ती अशीच वागायची. खांबावर चढलेल्या वायरमनला खालून सूचना द्यायची, माझ्या आमटीत येऊन कोकम टाकून जायची. "माका सांगू नको" हे तिचं पालुपद. नकार द्यायचा असेल तरी तेच, आश्चर्य वाटलं तरी तेच, आणि एखादी गोष्ट शंभर टक्के पटली तरी तेच. फरक फक्त मानेच्या झटक्यात. मला तो ओळखायला सहा महिने लागले.

दुसरा भाग सुरू झाला आणि मीनाचा आजोबा वारला. आता नायक वगैरे कुणी नव्हतं. ही गोष्टच मीनाची होती. म्हाताऱ्याला बेटावर पुरलं. पुढचा रस्ता पाण्याखालून होता, जिथे तिची आई गेली होती त्याच खडकांतून. पण मीना पाण्यात उतरेना. कुठलंही बटण दाबा, ती लाटेपर्यंत दोन पावलं जायची, थांबायची, मागे यायची आणि गुडघे पोटाशी घेऊन वाळूत बसायची.

काकीने सगळे उपाय केले. रागावली, समजावलं, कपडे बदलले, धर्मशाळेत नेऊन जेवू घातलं. मीना परत येऊन वाळूत बसायची. नितीनचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, "आई, थांब, पुढे कसा जावचा ता इंटरनेटवर बघून सांगतंय."

"माका सांगू नको," काकी म्हणाली. हा नकार होता.

पावसाळा सरला तरी मीना वाळूतच. एका दुपारी पुन्हा नितीनचा फोन आला. काकीने रिमोट स्टुलावर ठेवलं. सुरुवातीला ती मोठ्याने बोलत होती, मग नुसतं "हूं, हूं" करायला लागली. यंदा गणपतीला जमलं नव्हतं, आता दिवाळीलाही जमणार नाही, असं तो सांगत होता. काकी खिडकीबाहेर बघत ऐकत राहिली. मी पडद्याकडे बघत होते. बराच वेळ कुणी काहीच दाबलं नव्हतं, आणि मीना उठली. तिने केस बांधले. हळूहळू चालत लाटेत गेली, कमरेपर्यंत, खांद्यापर्यंत.

"काकी!" मी ओरडले.

काकीने वळून बघितलं. "नितीन," ती फोनमध्ये म्हणाली, "ठेव बाबा फोन. मीना चल्ली."

मीना पाण्याखाली दिसेनाशी झाल्यावर काकी खुर्चीत बसली आणि पदराने चष्मा पुसायला लागली. "इतके दिवस मी तिका धकलत होतंय," ती म्हणाली. "तिका फक्त कोणीतरी बाजूक बसाक होया होता."

त्या दुपारी तिने मला पहिल्यांदा स्वतःबद्दल काही सांगितलं. तिचं माहेर विजयदुर्गचं. वडिलांची होडी होती. नांगर खडकात अडकला की सोडवायला पोरांतली हीच खाली जायची. "बाबा झिलांक, माझ्या भावांक, सांगी नाय. माका सांगी. माझो दम मोठो." लग्न होऊन इकडे आली ती किराणा दुकानवाल्यांच्या घरात. सासूने पहिल्याच आठवड्यात सांगितलं, आपल्या घरच्या बायका पाण्यात जात नाहीत. त्यानंतर समुद्र रोज समोर होता, पण काकी गुडघ्याच्या वर कधी भिजली नव्हती.

"तुम्ही काही बोलला नाहीत?" मी विचारलं.

"मी खंय बोललंय? सांगल्यानी, सोडलंय." मग चष्मा डोळ्यांवर चढवत, "सोडूक इतका सोपा होता काय, ता आता बघूक होया."

दुसऱ्या दिवशी बाजारात ती सगळ्यांना सांगत सुटली, मीना दर्यात उतरली.

इथे प्रभाची ओळख करून द्यायला हवी. प्रभा मासे विकायची. नवरा ट्रॉलरवर, घरात ती आणि मुलगी मंदा. रोज सकाळी टोपली घेऊन आमच्या दारात यायची, काकीशी भांडण केल्याशिवाय बांगडा द्यायची नाही. दोघींची जुनी मैत्री. मी त्या वेळी शाळेत असायची, त्यामुळे दारात काय बोलणं चालतं याचा मला पत्ता नव्हता. ते मला नंतर प्रभाकडूनच कळलं. काकी तिला रोज मीनाच्या बातम्या द्यायची. मीनाला त्या मेल्याने पळवली. मीनाने एकटीने त्याला लोळवला. प्रभाला वाटायचं, मीना म्हणजे काकीची माहेरची भाची असणार. मीनाचा आजोबा गेल्याचं कळलं त्या दिवशी तर प्रभाने टोपली उचलून डोक्यावर घेतली. "काकी, घरातलो माणूस गेलो म्हणतंस आणि बांगडे घेतंस? सुतक नाय?" काकीला ते योग्यच वाटलं. तिने पुढचे दहा दिवस वरण-भात खाल्ला. मला वाटलं, काकी श्रावण पाळतेय.

मंदा बारावी झाली होती. मालवणला पर्यटकांना समुद्राखाली नेऊन मासे-प्रवाळ दाखवतात, त्याचं शिक्षण घ्यायचं तिच्या मनात होतं. प्रभा ऐकत नव्हती. प्रभाचा जन्म किनाऱ्यावर गेला, पण तिला स्वतःला पोहता येत नव्हतं, आणि दर्या काय करू शकतो हे तिने शेजारपाजारच्या घरांत बघितलं होतं. पण काकीच्या तोंडून महिनोन्महिने मीना ऐकून ती हळूहळू विरघळली. आई दर्यात गेलेली पोरगी दर्यात उतरते, तर माझ्या मंदाचं काय अडलंय? मीना उतरल्याचं कळलं आणि त्याच आठवड्यात प्रभाने मंदाला मालवणला पाठवलं.

आणि मग प्रभा मीनासाठी स्थळ घेऊन आली.

रविवार होता, म्हणून मी घरी होते. प्रभा नवी साडी नेसून आली होती, सोबत कुडाळचे एक गृहस्थ. मुलाचे मामा. काकीने कोकम सरबत दिलं, लाडू दिले. पाहुणे आले याचाच तिला आनंद. मामांनी घसा साफ करून शुद्ध मराठीत सुरुवात केली.

"मुलगा वीज खात्यात आहे. कायम आहे. प्रभाताईंनी मुलीबद्दल फार सांगितलं. धाडसी आहे म्हणाल्या. आम्हाला तशीच हवी. जरा बोलवा ना तिला."

"कोणाक?" काकी म्हणाली.

"मीनाला."

काकीने प्रभाकडे बघितलं. प्रभाने डोळ्यांनी खुणावलं, बोलव. काकी उठली, टीव्हीजवळ गेली आणि म्हणाली, "बसा. दाखवतंय."

पडद्यावर मीना आली, केसांतून पाणी निथळतंय, भाला खांद्यावर, पायाखाली मेलेला खेकडा. मामांनी लाडू खाली ठेवला.

"हल्ली असे व्हिडिओ करतात, माहीत आहे मला," ते जपून म्हणाले. "आमच्या पुतणीचाही केला होता. पण प्रत्यक्ष मुलगी?"

"प्रत्यक्ष हीच," काकी म्हणाली.

मामांनी पुन्हा एकदा पडद्याकडे निरखून बघितलं. "शिक्षण किती झालंय?"

मी हसू दाबायला आत जाणार, एवढ्यात प्रभाचा चेहरा दिसला आणि हसू गेलं. ती उभी राहिली होती.

"ही मीना?" ती म्हणाली. "काकी, ही मीना?"

"तुका ठावक नव्हता?" काकी खरोखर गोंधळली होती. "गो, मी तुका सगळा सांगी होतंय. रिमोट हातात घेतलंय म्हणान पण सांगलंय."

"माका वाटला, टीव्हीचा रिमोट! काकी, माझी मंदा खरी आसा गो! माझ्या खऱ्या चेडवाक मी दर्यात घातलंय, ता ह्या चित्राच्या भरवशार?"

ती रडत बाहेर पडली. मामा जरा वेळ बसले, लाडू संपवला आणि नमस्कार करून गेले.

त्याच संध्याकाळी प्रभाने फोन करून मंदाला परत बोलावलं. दुसऱ्या दिवसापासून तिची टोपली आमच्या दारावरून जायची बंद झाली. वळसा घालून ती मागच्या पाणंदीने जायला लागली. काकी तिच्या घरी गेली तर प्रभा दाराशी आलीच नाही. मंदा बाहेर येऊन मान खाली घालून म्हणाली, "आये घरात नाय." आतून भांड्यांचा आवाज येत होता.

काकीने यंत्र लावलं नाही. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. मी आठवण केली, "खारी हवा लागेल काकी." तिने मानेला झटकासुद्धा दिला नाही. अंगणातलं मांजर प्रभाच्या वाटेकडे तोंड करून ओरडायचं आणि काकी त्याला दूध-भात कालवून द्यायची. "चूक माझी काय झाली ता माका अजून कळाक नाय," ती एकदा म्हणाली. "पण चेडू घरी बसला, ता खरा."

मग एका सकाळी तिने मला शाळेत जाऊ दिलं नाही. "सुट्टी घे. माका सोबत होई." ती नऊवारी नेसली होती, काष्टा घट्ट मारलेला. तिला नऊवारीत मी कधी बघितलं नव्हतं. आम्ही किनाऱ्यावर गेलो. होड्या यायची वेळ होती. मासेवाल्या बायका टोपल्या घेऊन वाळूत बसलेल्या, त्यांत प्रभा आणि तिच्या शेजारी मंदा. हिवाळ्यातलं पाणी, तळ दिसेल इतकं स्वच्छ. काकी सरळ प्रभासमोर जाऊन उभी राहिली.

"प्रभा, मीना चित्र आसा, तुझा म्हणणा खरा आसा. पण मी चित्र नाय मां? बघ आता."

एवढं बोलून ती खडकांकडे गेली. पाण्यात शिरलेल्या मोठ्या खडकावर चढली, आणि आम्हाला काही कळायच्या आत तिने बुडी मारली.

पाणी मिटलं. बायका उठून खडकाकडे धावल्या. मी आकडे मोजायला लागले आणि भीतीने मध्येच विसरले. साठी ओलांडलेली बाई, गुडघे दुखतात म्हणून जिना न चढणारी. कुणीतरी होडीवाल्याला हाक मारली. आणि सगळ्यांत मोठ्याने प्रभा किंचाळली, "काकी! गो काकी! वर ये! बोलतंय मी तुझ्याशी, वर ये!"

काकी वर आली. धापा टाकत, केस सुटलेले, एका मुठीत तळाची वाळू वर धरलेली. चेहऱ्यावर असं हसू, की तसं हसताना मी तिला आधी कधी बघितलं नव्हतं. मग तिने चेहरा चाचपला आणि हसू मावळलं.

"माझो चष्मो!"

तो ती काढायलाच विसरली होती. आंधळ्यासारखी खडक चाचपत ती तिथेच उभी राहिली. प्रभाने काही म्हणायच्या आधी मंदाने ओढणी काढून माझ्या हातात दिली, धावत खडकावर गेली आणि पाण्यात शिरली.

काकीची बुडी धाडसाची होती. मंदाची सुंदर होती. पाणी हललंसुद्धा नाही. वरून आम्हाला ती सगळी दिसत होती, तळाशी सावकाश सरकताना, दगड बाजूला करताना, घाई नाही, घबराट नाही. प्रभाने आपल्या मुलीला पाण्याखाली कधीच बघितलं नव्हतं. तोंडावर हात ठेवून ती लाटेत पावलं बुडेपर्यंत पुढे गेली होती, आणि ते तिच्या लक्षातही नव्हतं. मंदा वर आली, दातांत चष्म्याची काडी धरून. काकीचा हात धरून तिने तिला बाहेर आणलं.

प्रभाने चष्मा घेतला, पदराने पुसला, काकीच्या नाकावर नीट बसवला. मग मंदाकडे वळली. "केस पूस," ती म्हणाली. "सर्दी धरीत. उद्याच्या गाडीन मालवणाक जावचा आसा तुका."

घरी येताना मी काकीला विचारलं, "चष्मा खरंच विसरलात, की मुद्दाम?"

"माका सांगू नको," काकी म्हणाली. मानेचा झटका असा दिला, की आजही मला त्याचा अर्थ लागलेला नाही.

तिसरा भाग नितीनने पुढच्या सुट्टीत आणला. त्यात मीना चाळिशीची झाली होती, कानाशी केस पिकलेले, स्वतःची होडी होती तिची. रंगवलेलो कुठेच नव्हता. मीना बेटावरच्या पोरींना बुडी मारायला शिकवत होती, आणि राक्षसांशी भांडण आलं तर ते पोरींच्या मदतीने निपटत होती. या वेळी पुढच्या खोलीत खुर्च्या वाढल्या होत्या. टोपली रिकामी झाली की प्रभा येऊन बसायची आणि पडद्यावरची मीना काय चुकतेय ते सांगायची. मंदा रविवारी आली की दम कसा धरायचा यावर मीनाच्या चुका काढायची. काकी दोघींना गप्प करायची आणि मीनाला आधी जेवायला न्यायची.

मग माझी बदली झाली, वाईजवळ, माझ्या गावाजवळ. निघायच्या सकाळी सामान रिक्षात चढवून मी काकीला नमस्कार करायला गेले, तर घराला कुलूप. शेजारच्यांनी किनाऱ्याकडे बोट दाखवलं. रिक्षावाल्याला थांबवून मी सुरूच्या झाडांपर्यंत गेले.

लांब पाण्यात दोघी दिसत होत्या. काकी छातीभर पाण्यात उभी, आणि तिच्यासमोर प्रभा उताणी, आभाळाकडे तोंड करून, डोळे गच्च मिटलेली. प्रभाचा आवाज वाऱ्यावर स्पष्ट येत होता. "काकी, धरलंस मां गो? धरून रव! सोडू नको, तुका माझी शपथ, सोडू नको!"

"धरलंय गो, धरलंय," काकी ओरडली.

तेवढ्यात तिला मी दिसले. तिने दोन्ही हात पाण्याबाहेर काढले आणि डोक्यावर उंच धरून मला हलवून दाखवायला लागली. प्रभा तरंगत होती.